जुन्या गाडीचे ब्रेक: पॅड बदलण्याआधी दोष शोधा

पंधरा-वीस वर्षं चाललेली आल्टो, सँट्रो, इंडिका किंवा बोलेरो गॅरेजला लावली आणि ‘ब्रेक बघा जरा’ एवढंच सांगितलं, की बहुतेक वेळा ठरलेली कामं होतात. पुढचे पॅड नवे, मागचे लायनर नवे, ब्रेक ऑइल टॉप-अप. बिल होतं आणि आठवड्याने तक्रार पुन्हा तीच. पॅड झिजतात हे खरंच, पण जुन्या गाडीत त्यांच्याहून जास्त त्रास देतात ते रबराचे भाग, गंज आणि वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल. यातलं एकही पॅड बदलून बरं होत नाही.

दोष कुठल्या भागात आहे हे अर्ध्या-पाऊण तासात कळू शकतं, आणि त्यातला निम्मा तपास चाक न काढताच होतो. फक्त तक्रार आधी नेमकी हवी. पेडल खाली जातं? दगडासारखं घट्ट लागतं? गाडी एका बाजूला ओढते? पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही? स्टिअरिंग थरथरतं? प्रत्येक तक्रारीचा रस्ता वेगळा आहे. ‘ब्रेक नीट लागत नाहीत’ या वाक्यात हे सगळं एकत्र कालवलं जातं आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं.

इथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे पुढे डिस्क (तिला पॅड दोन्ही बाजूंनी पकडतात), मागे ड्रम (त्यावर लायनर आतून दाबतात) आणि मध्ये व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाच्या दाबाला मदत करणारा डबा. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ते नाही. ज्यांत आहे त्यांत ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडतं, तो दोष नव्हे.

गाडी जागची हलवू नये असं कधी?

पेडल तळाला टेकत असेल, टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, ऑइलची डबी ‘मिन’च्या खाली गेली असेल किंवा ब्रेक मारताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर चाचणीसाठीसुद्धा गाडी रस्त्यावर काढू नका. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर टोइंग करा. नाशिकमध्ये हँडब्रेकच्या भरवशावर सिडकोतून द्वारका सर्कलपर्यंत गाडी नेणारे लोक आहेत. हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर चालतो, आणि ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकल्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात, हे त्यांच्या लक्षात नसतं.

सुरुवात ऑइलच्या डबीपासून

बॉनेट उघडा. डबीचं झाकण काढण्याआधी भोवतीची धूळ पुसून घ्या, कारण आत पडलेला एक कणही मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) रबराला चिरा पाडू शकतो.

पातळी कमी असेल तर लगेच टॉप-अप करू नका. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागे ऑइल जाऊन बसतं आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे वर्षभरात थोडी उतरलेली पातळी पॅड झिजल्याची खूण असते. पंधरा दिवसांत सेंटीमीटरभर उतरली, तर कुठेतरी गळती आहे. न पाहता ऑइल ओतलं की ही दोन्ही लक्षणं झाकली जातात. शिवाय पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, की डबी भरून वाहते आणि बॉनेटखालचा रंग फुगून उडतो.

ऑइलचा रंग पाहा. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं. काळपट चहाच्या रंगाचं झालं असेल, तर ते बदलायला झालंय. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, अगदी होज पाइपच्या रबरातूनसुद्धा, त्यामुळे गाडी उभी असली तरी ते जुनं होतच असतं. डॉट ३ ग्रेडचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २०५ अंश सेल्सिअस असतो आणि पाणी मुरल्यावर १४० वर येतो. डॉट ४ चा २३० वरून १५५ वर. दर २ वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत. झाकणावर लिहिलेलाच ग्रेड घाला. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात कधीही मिसळायचं नाही.

आता झाकणाच्या आतलं रबर पाहा. ते फुगून वेडंवाकडं झालं असेल आणि जागेवर बसत नसेल, तर कुणीतरी डबीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलेलं आहे. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं. मग मास्टर सिलिंडरचे वॉशर (आतली रबरी सील), कॅलिपरचे सील, व्हील सिलिंडरची (ड्रममध्ये लायनर दाबणारा भाग) किट, होज पाइप, सगळंच संशयास्पद होतं, आणि पाइप धुऊन रबराचा प्रत्येक भाग बदलण्याला पर्याय राहत नाही. शंका असेल तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात डबीतल्या ऑइलचे चार थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. वर तेलाचे डोळे तरंगले, तर उत्तर मिळालं.

पेडल खाली जातं

इथे घाई करू नका, कारण याच तक्रारीमागे सर्वात जास्त कारणं असतात. गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून, न्यूट्रलमध्ये. इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा, म्हणजे पायाला खरा दाब कळेल.

आता एकदा दाबून सोडा, लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेडल वर आलं आणि तिथे कडक लागलं, तर ऑइलमध्ये हवा नाही. कुठेतरी गॅप जास्त आहे. जुन्या गाडीत तो बहुधा मागच्या लायनर आणि ड्रममध्ये असतो. खात्री करायला हँडब्रेक दोन-तीन दात ओढून ठेवा आणि पेडल पुन्हा दाबा. लायनर ड्रमजवळ आलेले असल्यामुळे पेडल आता चांगलं वर लागलं, तर मागची सेटिंग हाच दोष. लायनर झिजेल तसा गॅप आपोआप भरून काढणारे ऑटो-अॅडजस्टर गंजून बसलेले असतात, लायनर झिजत जातो आणि गॅप वाढत राहतो. या एका चाचणीने मास्टर सिलिंडरचा खर्च वाचतो, कारण अशा पेडलला ‘मास्टर गेला’ असं सर्रास सांगितलं जातं. हँडब्रेकने काहीच फरक पडला नाही आणि पुढचं चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडतं, तर बेअरिंग पाहा. सैल बेअरिंगमुळे डिस्क डुलते, ती पिस्टनला मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जातं.

पेडल पंप केल्यावर वर येतं पण स्पंजी लागतं, दाबत नेलं की दबतच जातं, तर हवा धरली आहे. हवा आपोआप शिरत नाही. अलीकडे कुणी लाइन उघडली होती का, डबी कधी रिकामी झाली होती का, की व्हील सिलिंडरचं रबर झिजलंय, हे शोधल्याशिवाय नुसती एअर काढली तर महिन्याभरात ती परत येते. जुने होज पाइपही स्पंजी पेडल देतात. मदतनीसाला पेडल जोरात दाबायला सांगून पाइप बोटांच्या चिमटीत धरा. फुगताना जाणवला, तर तो बदला. दहा वर्षांहून जुना आणि वाकवल्यावर बारीक तडे दाखवणारा पाइप असाही बदलायचाच आहे.

तिसरी चाचणी मास्टर सिलिंडरची. पेडलवर हलका, एकसारखा दाब देऊन पाऊण मिनिट थांबा. मग जोरात दाबून तेवढंच थांबा. हलक्या दाबाला पेडल हळूहळू बुडत असेल आणि जोराला टिकत असेल, तर मास्टरचे आतले वॉशर झिजलेत. जोराच्या दाबाला ते सिलिंडरला चिकटतात म्हणून धरतात, हलक्या दाबाला त्यांच्या कडेवरून ऑइल मागे सरकतं. सिग्नलला पाय ठेवून उभं असताना पेडल खाली जातं आणि घाईच्या ब्रेकला मात्र गाडी थांबते, ही तक्रार याच दोषाची. त्यामुळे ‘चालवून पाहिली, ब्रेक छान आहेत’ या उत्तरावर समाधान मानू नका.

दोन्ही दाबांना पेडल बुडत असेल तर बाहेरची गळती शोधा. चारही टायरच्या आतल्या बाजू, मागच्या अॅक्सलवरून जाणारे लोखंडी पाइप (चिखल साचतो तिथे ते आतूनबाहेरून गंजतात), होजचे जोड. सगळं कोरडं आहे आणि पातळी तरीही उतरतेय, तर मास्टरच्या मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये जातंय. मास्टरच्या दोन नट काढून तो पाइपसकट अर्धा इंच पुढे सरकवा आणि मागे बोट फिरवा. बोट ओलं झालं की मास्टर बदलायचा. बूस्टरमध्ये साचलेलं ऑइल इंजिन ओढून घेतं, तेव्हा सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, आणि हेड गॅसकेट गेलं म्हणून इंजिन उघडायची तयारी सुरू होते.

पेडल घट्ट लागतं, गाडी थांबत नाही

संशय बूस्टरवर. वर सांगितल्याप्रमाणे व्हॅक्यूम संपवा, पेडल दाबून धरा आणि त्याच अवस्थेत इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही किंवा आतला पडदा फाटलाय. दुसरी चाचणी: इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, इंजिन बंद करा, ३० सेकंद थांबा. पेडल वर ढकललं गेलं, तर व्हॅक्यूम टिकत नाही. बूस्टर बदलण्याआधी जाड होज आणि त्यातला वन-वे व्हॉल्व्ह तपासा. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंका. एका बाजूने हवा जावी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह, होजची सैल क्लिप किंवा होजची चिरलेली टोकं एवढ्यावरच काम भागतं.

मीटर लावून व्हॅक्यूम मोजला तर पुस्तकातला आकडा नाशिकमध्ये दिसणार नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, आणि दर ३०० मीटरला मीटर सुमारे २५ मिलिमीटर पारा कमी दाखवतो. समुद्रसपाटीला ४५० ते ५०० दाखवणारं पेट्रोल इंजिन इथे ४०० ते ४५० दाखवेल. ते ठणठणीत आहे.

डिझेल इंजिन स्वतः पुरेसा व्हॅक्यूम तयार करत नाही, त्याला वेगळा पंप असतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला आहे. त्यामुळे बेल्ट तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ ब्रेक घट्ट होतात. बॅटरीचा दिवा पाहून ‘घरापर्यंत जाईल’ असा हिशेब डिझेल गाडीत करू नका. अल्टरनेटर दुरुस्त करून आणल्यावर ब्रेक जड झाले असतील, तर आधी पंपाची ऑइल लाइन आणि व्हॅक्यूम होज नीट जोडलेत का ते पाहा.

बूस्टर चांगला निघाला तर उरतं ते चाकांकडे: गुळगुळीत काच झालेले पॅड, तेल लागलेले लायनर, जाम पिस्टन.

ओढणं आणि बाइंड होणं (ब्रेक न सुटणं)

गाडी ओढते तेव्हा आधी टायरची हवा पाहा. दोन्ही पुढच्या टायरमध्ये पाच पीएसआयचा फरक असेल तर ब्रेकच्या नावाने खापर फोडण्यात अर्थ नाही. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्ता डावीकडे उतरता असतो, त्यामुळे सगळ्याच गाड्या थोड्या डावीकडे जातात. सुट्टीच्या दिवशी अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतला रुंद, रिकामा, आडवा उतार नसलेला रस्ता घ्या, ४० च्या वेगाने दोन्ही दिशांना जाऊन स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक दाबा. दोन्ही दिशांना त्याच बाजूला ओढली, तरच दोष गाडीत.

डावीकडे ओढते म्हणजे डावं चाक जास्त धरतंय किंवा उजवं कमी. बहुतेक वेळा दुसरं खरं असतं: ज्या बाजूला ओढते त्याच्या विरुद्ध बाजूचा कॅलिपर काम करत नसतो. आठ-दहा किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही चाकांजवळ, न टेकवता, हात न्या. डिस्क १०० अंशांच्या वर सहज जाते, बोट लावू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. आकडा किती याला महत्त्व नाही, डाव्या-उजव्यातला फरक पाहायचा. गार चाक काम करत नाही. जास्त गरम चाकाचा ब्रेक सुटत नाही.

ब्रेक सुटत नसेल तर पुढची पद्धत वापरा. हिने दोष अचूक सापडतो, पण क्रम मोडू नका. गाडी स्टँडवर, चाक मोकळं, पेडल दाबून सोडलेलं आणि चाक हाताने फिरत नाही, अशी अवस्था हवी.

पहिल्यांदा मास्टर आणि बूस्टरमधल्या दोन नट दोन-तीन आटे सैल करा, म्हणजे मास्टर थोडा पुढे सरकेल. चाक सुटलं, तर बूस्टरची दांडी मास्टरला कायम दाबून धरतेय. पेडलला फ्री प्ले (दाब लागण्याआधीची थोडी मोकळी चाल) उरलेला नसतो किंवा ब्रेक लाइटचा स्विच जास्त आत बसवलेला असतो. मास्टरमधलं छोटं परतीचं भोक त्यामुळे बंद राहतं, ऑइल गरम होऊन फुगतं, जायला जागा मिळत नाही, आणि गाडी जितकी चालवाल तितके ब्रेक आवळत जातात. द्वारका सर्कलच्या गर्दीत वीस मिनिटं अडकल्यावर गाडी जड होते आणि तासभर उभी केल्यावर सुटते, ती ही तक्रार.

नाही सुटलं, तर नट पुन्हा आवळा आणि मास्टरवरच्या त्या चाकाच्या पाइपचा जोड किंचित सैल करा. खाली फडकं धरा. आता सुटलं तर मास्टरच्या आतच अडथळा आहे, बहुधा फुगलेला वॉशर. तरीही नाही सुटलं, तर जोड आवळून चाकाचा निपल (एअर काढायची छोटी तोटी) उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दोष होज पाइपचा. बाहेरून तो धडधाकट दिसतो, आत मात्र रबराचा पापुद्रा सुटून झडपेसारखा वागतो: पायाच्या जोराने ऑइल आत जातं, परत येत नाही. निपल उघडूनही चाक अडलेलंच असेल, तर कॅलिपरचा पिस्टन, त्याच्या पिना किंवा मागे असेल तर लायनर आणि हँडब्रेकची केबल.

या चाचण्यांत लाइन उघडली गेली, म्हणून शेवटी एअर काढणं आलंच.

चाक काढल्यावर

जॅक पक्क्या जमिनीवरच लावा. काळ्या मातीत, विशेषतः पावसाळ्यात, तो खाली रुततो; नाइलाज असेल तर खाली जाड फळी ठेवा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड नसेल तर हातसुद्धा घालू नका, आणि स्टँड म्हणून विटा चालत नाहीत. त्या क्षणात फुटतात.

पुढचे पॅड: लोखंडी पाटीवरचा थर ३ मिलिमीटर उरला की बदला. आतला आणि बाहेरचा दोन्ही पाहा. बाहेरचा ७ आणि आतला २ असेल, तर कॅलिपरच्या पिना जाम आहेत, आणि पिना न सोडवता नवे पॅड घातले तर तेही तसेच खाल्ले जातील. दिंडोरी-निफाडच्या मळ्यांतल्या वाटांवर चालणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं: पिनांवरचं रबरी बूट फाटतं, गाळ आत जातो. पिना काढा, पुसा, गंजाने खड्डे पडले असतील तर बदला, आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. साधं चेसिस ग्रीस लावलं तर बुटाचं रबर फुगून पिन आणखी घट्ट बसते.

पिस्टन मागे ढकलण्याआधी डबीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढा. सी-क्लॅम्पने बेताच्या जोरावर तो सरकला पाहिजे. अडत-अडत गेला, तर डस्ट बूट उचलून पाहा. पिस्टनवर गंजाची कड असेल तर नुसत्या सील किटने भागणार नाही, पिस्टनही बदलावा लागेल. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा.

डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजा. त्या आकड्याच्या जवळ आलेली डिस्क टर्निंगला देऊ नका, नवी घ्या. लेथवाला नाही म्हणणार नाही, पण पातळ डिस्क घाटात तापून वाकडी होते.

मागचा ड्रम बहुतेकांना अडतो. आधी हँडब्रेक सोडा. ड्रमच्या तोंडावर दोन आट्याची भोकं असतात, त्यात योग्य मापाचे, बहुधा ८ मिलिमीटरचे, बोल्ट आळीपाळीने आवळत नेले की ड्रम आपोआप बाहेर येतो. हातोड्याने कड ठोकली तर ती फुटते. जुन्या मारुतींपैकी काहींत ड्रम आणि हब एकच असतो, तिथे मधली मोठी नट काढावी लागते आणि बसवताना ती नवी घ्यावी.

आतली धूळ फुंकर किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. मग एक फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगची जागा चुकली तर दुसरी बाजू पाहता येते.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांचं रबर नखाने अलगद उचला. आत दमट असेल इतपत चालतं, पण थेंब ओघळला तर गळती आहे. लायनर ओला असेल तर ओल कशाची ते ओळखा. पातळ, पाण्यात विरघळणारी असेल तर ब्रेक ऑइल. जाड, उग्र गंधकासारख्या वासाची असेल तर गिअर ऑइल, म्हणजे बोलेरो, ओम्नीसारख्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत अॅक्सलचं ऑइल सील गेलंय. तिथे व्हील सिलिंडर बदलून काहीच होणार नाही. तेल मुरलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवण्याची पद्धत आहे, ती वाईट आहे. गरम झाल्यावर आतलं तेल वर येतंच. दोन्ही बाजूंचे लायनर बदला.

ड्रमवरही कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे गेलेला ड्रम भंगारात. बसवल्यावर आधी लायनरची सेटिंग करा: चाक फिरवताना हलकं घासल्याचा आवाज यावा, अडू नये. हँडब्रेकची केबल त्यानंतर. उलटं केलं, म्हणजे केबल ओढून लायनरचा गॅप झाकला, तर हँडब्रेक छान लागतो आणि पायाचा ब्रेक खोलच राहतो.

थरथर आणि आवाज

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर पुढची डिस्क. फक्त पेडल आणि सीट थरथरली तर मागचा ड्रम अंडाकृती झालेला. रिकाम्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगाने, बटण दाबून धरून, हँडब्रेक अलगद ओढा. थरथर आली तर मागचंच. चाकाच्या नट एअर गनने वेड्यावाकड्या आवळल्यानेही डिस्क लहरते, म्हणून चाकं काढून झाल्यावर लगेच ही तक्रार आली तर आधी नट सारख्या आवळून पाहा.

रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते, ती डिस्कवरच्या गंजाची. सोडून द्या. बारीक, सतत किंचाळणारा आवाज पॅडवरच्या खुणेच्या पत्रीचा असू शकतो, म्हणजे पॅड संपत आले. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.

घाटात ब्रेक जातात ते दोन प्रकारे

इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना किंवा सप्तशृंगी गडावरून नांदुरीला येताना ब्रेक ‘गेले’ असं सांगितलं जातं, तेव्हा विचारा: पेडल कसं होतं? पेडल कडक होतं आणि गाडी थांबत नव्हती, तर पॅड तापून घर्षण कमी झालं. हलक्या दर्जाचे पॅड किंवा सतत दाबून ठेवलेला ब्रेक हे कारण. पेडल मऊ होत खाली गेलं, तर ऑइल उकळून त्यात वाफ झाली. वाफ दबते, ऑइल दबत नाही. पाणी मुरलेल्या जुन्या ऑइलला हे लवकर होतं, आणि गार झाल्यावर पेडल पूर्ववत होतं, म्हणून कसाऱ्याच्या गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. पहिल्याला चांगले पॅड, दुसऱ्याला संपूर्ण नवं ऑइल. कुठल्याही परिस्थितीत उतारावर इंजिन बंद करू नका; दोन-तीन ब्रेकनंतर बूस्टरची मदत संपते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक जोरात दाबून पूर्ण सोडा, सतत टेकवून ठेवू नका.

एअर काढणं

छोट्या गाडीला पूर्ण बदलासाठी एक लिटर ऑइल पुरतं. सीलबंद डबाच घ्या. वर्षभर उघडा राहिलेला डबा टाकून द्या. गंजलेल्या निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा आणि सहा कोनी सॉकेटच वापरा. निपल तुटला तर कधी कधी अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

सर्वसाधारण क्रम मास्टरपासून लांबच्या चाकाकडून जवळच्याकडे: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लाइनची विभागणी तिरपी (एक पुढचं आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका लाइनवर) असते आणि काहींचा क्रम वेगळा दिलेला असतो, तेव्हा पुस्तिका असेल तर तिचंच ऐका. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मदतनीसाने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव आटा उघडायचा, बंद करायचा, मग ‘सोड’ म्हणायचं. पेडल निपल बंद होण्याआधी सुटलं तर हवा परत आत. डबी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

जुन्या मास्टरच्या बाबतीत एक खबरदारी हमखास विसरली जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात वॉशर सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरतात. त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत मारलं की वॉशर त्या गंजावरून घासतात आणि चांगला मास्टर दुसऱ्या दिवशी बुडायला लागतो.

काम झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पॅड बदलले असतील तर पहिल्या दाबाला पेडल तळाला जातंच, आणि हे अंगणातून गाडी बाहेर काढताना कळणं धोक्याचं आहे. मग मोकळ्या रस्त्यावर १०, २०, ४० अशा वेगांना ब्रेक मारून पाहा. नव्या पॅडला साधारण दहा वेळा ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आणा, मध्ये अर्धा मिनिट गार होऊ द्या, पूर्ण थांबू नका. शंभर किलोमीटरनंतर चाकांच्या नट पुन्हा तपासा आणि टायरच्या आतल्या बाजूंवरून एकदा कोरडा कागद फिरवा.